बुरशी धरलेला मका, जिवाणूंची पावडर आणि घरातलं दूध

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून थोडं आवरतं घेऊन देतो:

‘आमच्याकडे चार म्हशी आणि दोन गाई आहेत. मका काढून खळ्यावर टाकला आणि परतीच्या पावसाने झोडपला. वरून ताडपत्री होती, पण खालून पाणी शिरलं. वाळवून पोती भरली. आता पोत्यात हात घातला की आत गरम लागतं, कुबट वास येतो, दाण्याच्या टोकाशी हिरवट-पिवळी बुरशी दिसते. बारा क्विंटल माल आहे, टाकवत नाही. गोठ्यावर एक विक्रेता आला होता. त्याच्या पावडरमध्ये जिवाणू आहेत, भरड्यात मिसळली की ते बुरशीचं सगळं विष खाऊन टाकतात, असं तो म्हणतो. सासूबाई म्हणतात, जिवाणूच पाहिजेत तर ताक शिंपडू, घरात भरपूर आहे. सासऱ्यांचं म्हणणं, पोल्ट्रीवाल्याला विकून मोकळं व्हावं. एका गाईचं दूध कमी झालंय. तेच दूध माझी चार वर्षांची मुलगी पिते. जिवाणू खरंच विष खातात का?’

ताई,

आधी काय करायचं ते सांगतो, कारणं मागून. हा मका आजपासून जनावरांपुढे टाकू नका. अख्खा, भरडलेला, भिजवलेला, पावडर लावलेला, कसलाच नको. सरकी ढेप त्याच कोपऱ्यात ठेवली असेल तर तीही उघडून बघा, कारण ही बुरशी सरकीवरही तितकीच खुशीने वाढते. मुलीला पाच-सहा दिवस दुसऱ्या घरचं दूध द्या. खुराकातलं विष थांबलं की दुधातलं प्रमाण तीन-चार दिवसांत झपाट्याने उतरतं. आजवर प्यायलेल्या दुधाने तिला काही झालं असेल, ही धास्ती मनात घेऊन बसू नका. दुधातून येणाऱ्या इतक्या बारीक प्रमाणाचा धोका असतो तो वर्षानुवर्षं रोज पोटात जाण्याचा. म्हणूनच ते वेळीच तोडायचं. गाईला मात्र डॉक्टरांना दाखवा. दूध अनेक कारणांनी कमी होतं, सगळं मक्यावर ढकलून चालणार नाही.

आता तुमचा प्रश्न. जिवाणू विष खातात का? काही जिवाणू खरोखर विष मोडतात, काही नुसतं धरून ठेवतात, आणि बरेचसे दोन्हीपैकी काहीच करत नाहीत. शिवाय बुरशीचं विष ही एकच गोष्ट नाही. एका विषावर चालणारा जिवाणू दुसऱ्या विषापुढे बिनकामाचा ठरतो. विक्रेता ‘सगळं विष’ म्हणाला, तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही अस्परजिलस फ्लेव्हस जातीची बुरशी वाटते. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्यातलं बी-१ सगळ्यात जहाल. ते यकृतावर घाव घालतं आणि माणसाला यकृताचा कर्करोग होण्याचं सिद्ध कारण आहे. हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. बुरशी डोळ्यांना दिसते, विषाला रंगही नाही आणि वासही नाही. दाणे उन्हात घालून, घासूनपुसून बुरशी निघेल, विष दाण्यातच राहील. तव्यावरच्या भाकरीच्या आचेने किंवा दूध उकळून ते जात नाही, कारण ते मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. तुमच्या पोत्यांतली ऊबदेखील बुरशी जिवंत असल्याचीच खूण आहे. दाण्यात ओल राहिली की बुरशी श्वास घेते, तिची ऊब आणि ओल आतच साठते आणि शेजारचा चांगला दाणाही भिजतो.

हे विष जगापुढे आलं १९६० साली, इंग्लंडमध्ये. तिथे लाखाच्या वर टर्की कोंबड्या काही महिन्यांत मेल्या आणि शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर गेलं. पण आपल्याला लक्षात ठेवायला हवी ती १९७४ ची घटना, कारण ती आपल्या उंबऱ्याशी घडली. नंदुरबारच्या पलीकडे गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हा सगळा आदिवासी पट्टा. तिथे अवेळी पावसाने मका भिजला, तसाच घरात भरला गेला, आणि घराघरांत लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. सुमारे चारशे माणसं आजारी पडली, त्यांतली १०६ गेली. त्या घरांतली कुत्रीही मेली, कारण तीही तीच भाकर खात होती. खाणाऱ्यांचा दोष एवढाच की घरात दुसरं धान्य नव्हतं. तुमच्या घरी ती वेळ नाही, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो: या पोत्यांतला एक दाणाही घरच्या भाकरीसाठी दळायला जाऊ देऊ नका, निवडूनसुद्धा नको.

आता जिवाणूंकडे वळू. हा विषय मला मनापासून आवडतो आणि त्यात खरी आशाही आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी सुमारे हजार सूक्ष्मजीव एकेक करून अफ्लाटॉक्सिनपुढे उभे केले. त्यांत किण्व होते, बुरशी होत्या, जिवाणू होते. विष पुन्हा परत येणार नाही अशा रीतीने संपवणारा एकच सापडला, फ्लॅवोबॅक्टेरियम ऑरँटियाकम. दूध, तेल, शेंगदाणा, मका, सगळ्यांतून त्याने विष काढून दाखवलं. अडचण अशी की तो स्वतः गडद नारिंगी रंगाचा. ज्यात घालाल त्याला रंग चढणार. त्यामुळे खाण्यात वापरायची वाट तिथेच अडली. पुढे ऱ्होडोकॉकससारखे मातीतले जिवाणूही हे विष मोडताना आढळले. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) विषाच्या रेणूतलं एक कडं उघडतात आणि मग त्याचा जहालपणा कमी होतो. पण काचेच्या नळीत चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ मिळणं वेगळं आणि कोरड्या भरड्यात काम करणं वेगळं. जिवाणूला ओल लागते, ऊब लागते, वेळ लागतो. तुमचा भरडा पुरेसा कोरडा असेल तर पावडरमधला जिवाणू त्यात झोपूनच राहणार. ओला असेल तर त्याच्या आधी बुरशीच जागी होईल.

मग तो जनावराच्या पोटात जाऊन काम करेल का? काही विषांच्या बाबतीत हो, आणि ते अगदी नीट सिद्ध झालेलं आहे. गाईच्या कोठीपोटातून वेगळा काढलेला बीबीएसएच ७९७ नावाचा एक जिवाणू आहे. तो गव्हा-मक्यावरच्या फ्युजेरियम बुरशीच्या डीऑक्सीनिव्हॅलेनॉल या विषातला घातक भाग काढून टाकतो. युरोपीय संघाने २०१३ साली डुकरांच्या खाद्यासाठी त्याला रीतसर परवानगी दिली. मक्यावरच पांढऱ्या-गुलाबी बुरशीतून येणारं फ्युमोनिसिन नावाचं आणखी एक विष आहे. स्फिंगोपिक्सिस या जिवाणूचा जीन घेऊन बनवलेलं विकर ते पोटातच तोडतं, आणि त्यालाही तिकडे २०१४ पासून परवानगी आहे. ही खरी, मोजून-मापून केलेली कामं आहेत. पण दोन्ही अफ्लाटॉक्सिनवर चालत नाहीत. तुमच्या गोठ्यातली अडचण अफ्लाटॉक्सिनची आहे.

फ्युमोनिसिनचा विषय निघालाच आहे, तर घोडेवाल्यांना एक वाक्य. सारंगखेड्याच्या बाजारात उमदी जनावरं आणणाऱ्यांनी गुलाबी-पांढरी बुरशी धरलेला मका घोड्याच्या तोबऱ्यात कधीही भरू नये. गाय-म्हैस ते विष बरंच सोसते, घोड्याचा मेंदू मात्र त्याने अक्षरशः विरघळतो आणि त्याला औषध नाही.

तुमच्या म्हशी-गाईंच्या कोठीपोटातही सूक्ष्मजीवांची मोठी फौज असते. ती ऑक्रॅटॉक्सिनसारखं विष बरंचसं मोडते, म्हणून रवंथ करणारी जनावरं काही विषांना कोंबडीपेक्षा चिवट असतात. अफ्लाटॉक्सिनपुढे मात्र ही फौज थकते. थोडं मोडतं, बाकीचं रक्तात जातं. यकृत त्याचं रूप बदलून एम-१ करतं आणि ते दुधात उतरतं. विषारी खुराक पोटात गेल्यावर पहिल्या चोवीस तासांतच ते दुधात दिसू लागतं. वासरांची कोठी तर तयारच झालेली नसते. घरात लहान वासरू असेल तर त्यालाही या दुधापासून आणि या मक्यापासून दूर ठेवा.

आता सासूबाईंच्या ताकाबद्दल. त्यांचा विचार वाया गेलेला नाही, त्यांना माझा नमस्कार सांगा. दह्या-ताकातल्या लॅक्टोबॅसिलस घराण्यावर या बाबतीत पुष्कळ काम झालंय. फिनलंडमध्ये १९९८ साली लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या दोन जातींनी द्रवातलं जवळपास ८० टक्के अफ्लाटॉक्सिन बी-१ लगेच धरून ठेवलं, असं दिसलं. हेच जिवाणू उकळून मारले तरी विष धरतच होते. म्हणजे हे खाणं नव्हे, पचवणं नव्हे. त्यांच्या बाहेरच्या भिंतीला विष चिकटतं, अंगाला काटेरी गोखरू चिकटावं तसं. आणि चिकटलेलं सुटूही शकतं. पुन्हा पुन्हा पाण्याने धुतलं की त्यातलं काही परत मोकळं होतं. पुढे चीनमधल्या ग्वांगझूमध्ये ९० निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस आणि प्रोपिओनिबॅक्टेरियम दिले. पाच आठवड्यांनी त्यांच्या लघवीतली अफ्लाटॉक्सिनच्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी खाली आलेली होती. म्हणजे आतड्यात जिवाणूंनी विष धरलं आणि ते शरीरात शिरण्याआधी बाहेर गेलं. जिथे लोकांना थोडंथोडं विष रोजच्या अन्नातून टाळताच येत नाही, तिथे हे मोलाचं आहे.

पण त्यावरून मक्यावर ताक शिंपडायचं असं निघत नाही. प्रयोगातले जिवाणू निवडक जातींचे होते, त्यांची संख्या प्रचंड होती आणि विष द्रवात मोकळं होतं. तुमच्या दाण्यात ते आत मुरलेलं आहे. वरून ताक टाकलं तर दाण्याला ओल मिळेल, आणि ती पहिल्यांदा बुरशीच्या पथ्यावर पडेल. ताक घरात प्या, मक्याला कोरडंच राहू द्या.

विक्रेत्याच्या पिशवीबद्दल आता नेमकं बोलता येईल. मागची बाजू वाचा. जिवाणूचं पूर्ण नाव आणि जात लिहिलेली आहे का? कोणत्या विषावर काम करतो ते नाव घेऊन लिहिलंय का, की ‘सर्व टॉक्सिन’ असं मोघम आहे? गाई-म्हशींवर चाचणी झाली आहे का, की फक्त कोंबड्यांवर? आणि पिशवीत जिवाणूंच्या जोडीला बेंटोनाइट माती असेल, तर खरं काम बहुधा ती मातीच करते. ही माती अफ्लाटॉक्सिनला पोटात घट्ट धरते आणि शेणावाटे बाहेर काढते. युरोपात ती या कामासाठी मान्य आहे, आपल्याकडेही पशुखाद्यात वापरली जाते. अफ्लाटॉक्सिनपुरतं बोलायचं तर आजघडीला गोठ्यात भरवशाची हीच. पण मर्यादेच्या आसपासच्या खुराकाला सावरण्यासाठी ती आहे. डोळ्यांना बुरशी दिसणारा माल तिच्या जोरावर खपवायचा नाही, आणि तीही खाद्यासाठी बनवलेलीच आणायची, पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणातच घालायची.

‘मर्यादा’ म्हणालो तर आकडेही बघू. आपल्याकडे पशुखाद्याच्या मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका टनात वीस मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. दुधातल्या एम-१ ची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. समजा तुमच्या मक्यात किलोला २०० मायक्रोग्रॅम निघालं, आणि बुरशी धरलेल्या मक्यात तेवढं निघणं अजिबात नवलाचं नाही. गाय रोज दोन किलो भरडा खाते, म्हणजे पोटात ४०० गेलं. त्यातलं साधारण एक ते दोन टक्के दुधात उतरतं, खूप दूध देणाऱ्या गाईत सहा टक्क्यांपर्यंतही जातं. दोन टक्के धरले तर आठ मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर देत असेल तर लिटरला ०.८. मर्यादा ओलांडली, आणि तीही ‘थोडाच भरडा घालतो’ म्हणणाऱ्या घरात. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यांतल्या ३६८ मध्ये एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. पाणी आणि भेसळीच्या बातम्यांत या आकड्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. मला तोच सगळ्यात जास्त बोचतो, कारण ही भेसळ कुणी मुद्दाम करत नाही. ती भिजलेल्या पोत्यातून येते. हे विष दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरून असतं, त्यामुळे पनीरमध्ये ते उलट आणखी दाट होतं.

सासरेबुवांनाही नम्रपणे सांगा, पोल्ट्रीला विकणं हा मार्ग नाही. कोंबडीचं यकृत गाईपेक्षा हळवं असतं, बदकाचं त्याहून. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी २००६ मध्ये बर्ड फ्लूत काय सोसलं ते खानदेशाने पाहिलंय. त्यांच्या शेडमध्ये आपला विषारी मका जाऊ नये. इथेनॉलला दिला तरी विष सुटत नाही. दारू उतरते, पण मागे राहणाऱ्या चोथ्यात म्हणजे डीडीजीएसमध्ये विष जवळपास तिप्पट दाट होतं, आणि तो चोथा फिरून पशुखाद्यातच येतो. स्वस्त डीडीजीएस घेणाऱ्या सगळ्याच वाचकांनी तपासणीचा कागद मागितल्याशिवाय ते घेऊ नये.

बारा क्विंटल एका झटक्यात टाकायचे का? नाही. पोती वेगळी करा. ज्यांत हात घातल्यावर ऊब लागते, ढेकळं होतात, हिरवट बुरशी दिसते ती एका बाजूला. ती गेली असं समजा. स्वतःच्या नाका-तोंडाला फडकं घट्ट बांधून ती खत-खड्ड्यात शेण आणि पाल्यासोबत थर देऊन गाडा आणि वरून माती टाका, कोंबड्या-कुत्री उकरणार नाहीत अशी. ज्या मातीत हे विष मोडणारे जिवाणू राहतात तिथेच त्याला जाऊ द्या. उरलेली कोरडी, थंड, स्वच्छ दिसणारी पोती उन्हात पातळ पसरून पुन्हा वाळवा. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे, आणि मोजता आलं तर ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आला पाहिजे. फुटके, सुरकुतलेले, रंग गेलेले दाणे चाळून काढा, विष जास्त करून त्यांतच असतं.

मग तपासणी. इथे बहुतेक जण चुकतात ते नमुना घेण्यात. विष पोतंभर सारखं पसरलेलं नसतं, हजार दाण्यांत दोन-चार दाण्यांतच भरलेलं असू शकतं. वरची एक मूठ पाठवली तर निकाल चांगला येईल आणि माल वाईट असेल. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, तळातून मूठ-मूठ घ्या. सगळं मिळून पाच-सात किलो होऊ द्या, तेवढं सगळं एकत्र दळा, नीट कालवा आणि त्यातलं किलोभर कोरड्या कागदी पिशवीत भरून पाठवा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. कुठे पाठवायचं ते ममुराबादच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. तुमचा दूध संघ खाद्य तपासून देत असेल तर तेही सोयीचं. निकाल २० च्या आत आला तर बिनधास्त घाला. थोडा वर आला तर डॉक्टरांना विचारून, खाद्याची बेंटोनाइट माती मिसळून, दुधावर नसलेल्या मोठ्या जनावरांना थोडाथोडा. फार वर आला तर तोही खड्ड्यात.

पुढच्या हंगामासाठी जिवाणूंचं एक काम तुम्हाला हमखास सुचवतो, आणि ते म्हणजे मुरघास. परतीच्या पावसाची भीती असेल तर मक्याचा थोडा भाग दाणा होईपर्यंत ठेवूच नका. दाण्यात चीक संपून तो घट्ट होऊ लागला की अख्खं ताट कुट्टी करून बॅगेत किंवा खड्ड्यात दाबा. इथे लॅक्टोबॅसिलस आपल्या घरच्या मैदानात असतो. ओल असते, साखर असते, हवा नसते. तो आम्ल तयार करतो, सामू चारच्या आसपास उतरतो आणि बुरशीला पाय ठेवायला जागा उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या कल्चरमध्ये प्लँटॅरम आणि बुकनेरी अशी नावं बघा. पहिला आंबवण्याचा वेग वाढवतो, दुसरा बॅग उघडल्यावर येणारी ऊब आणि बुरशी रोखतो. पण कल्चरपेक्षाही दाबणं महत्त्वाचं. ट्रॅक्टर फिरवून किंवा पायांनी तुडवून आतली हवा काढली नाही, तर कुठलाही जिवाणू वाचवणार नाही. उघडल्यावर रोज समोरच्या सगळ्या तोंडावरून वीतभर थर उतरेल एवढा घास काढा आणि कुठे रंग बदललेला गठ्ठा दिसला तर तो फेकून द्या, जनावराला चाखायलाही नको.

दाण्यासाठी ठेवलेला मका मात्र खळ्यावर थेट जमिनीवर टाकू नका. खाली जाड ताडपत्री, भोवती चर, आणि पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर.

विक्रेत्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो जमला तर या पत्त्यावर पाठवा. त्यावरची नावं वाचून त्यात नक्की काय आहे ते पुढच्या वेळी कळवतो. गाईच्या तपासणीत डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा.